केबलचा बॉक्स: नाशिककरांकडून सारखे येणारे प्रश्न

नाशिकरोडला जेलरोडवर माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. त्याआधी बरीच वर्षं केबलच्या लाइनवर होतो, गच्च्यागच्च्यांवरून वायरी ओढल्या. आता मोबाइलवर मेसेज येतात आणि त्यातले बरेचसे "भाऊ, बॉक्स गेला वाटतं" इथूनच सुरू होतात. बॉक्स क्वचितच गेलेला असतो. तीच उत्तरं टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून सगळे प्रश्न एका जागी लिहून ठेवतो आहे. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगितलेलं नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. टीव्ही नवा आहे, मागे केबलची पिन लावायची जागाही आहे. मग वेगळा बॉक्स कशाला?

पूर्वी लागत नव्हता. खांबावरून आलेली वायर थेट टीव्हीत खुपसायची आणि मुंग्या आल्या की केबलवाल्याला हाक मारायची. २०११ साली केबल कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती पद्धत टप्प्याटप्प्याने बंद झाली. आधी मुंबईसारखी महानगरं, मग दुसऱ्या टप्प्यात ३८ शहरं. त्यांत नाशिक होतं आणि आपली मुदत होती ३१ मार्च २०१३. तेव्हापासून कंट्रोल रूममधून निघणारा प्रत्येक चॅनेल कुलूप लावूनच निघतो, फुकटचेसुद्धा. तुमच्या टीव्हीतल्या ट्यूनरला सिग्नल कळतो, पण कुलपाची किल्ली त्याच्याकडे नसते. ती बॉक्समध्ये किंवा बॉक्सच्या कार्डात असते. म्हणून 'ऑटो सर्च' मारल्यावर चॅनेलांची नावं येतात आणि पडदा काळाच राहतो. टीव्ही बदलून मागायला दुकानात जाऊ नका, त्याचा काही दोष नाही.

२. ऑनलाइन जुना बॉक्स स्वस्तात मिळतोय. शेजाऱ्यांचाही एक पडून आहे. तो लावून घेऊ का?

ऑनलाइनचा घेऊ नका. केबलचा बॉक्स हा मिक्सरसारखा नसतो, की आणला आणि सुरू केला. ज्या कंपनीचं कुलूप (तुमच्या केबलवाल्याला वरून सिग्नल देणारी ती कंपनी), तिचाच बॉक्स लागतो, आणि कार्डवाला असेल तर कार्ड त्याच एका बॉक्सशी बांधलेलं असतं. एकाचं कार्ड काढून दुसऱ्यात घातलं तर पडद्यावर फक्त सूचना येते.

शेजाऱ्यांचा बॉक्स तुमच्याच केबलच्या कंपनीचा असेल तर कधीकधी जमतं. बॉक्सच्या पोटाशी स्टिकरवर नंबर असतो, आपल्याकडे त्याला व्हीसी नंबर म्हणतात. पैसे द्यायच्या आधी तो केबलवाल्याला कळवा आणि विचारा, या नंबरावर थकबाकी आहे का, नाव बदलून मिळेल का. होकार आला तरच घ्या.

एक फसगत नेहमी होते. फ्री डिश म्हणजे दूरदर्शनची छत्रीवरची (गच्चीवरच्या डिशवरची) सेवा. तिचा बॉक्स आणि केबलचा बॉक्स, दोघांच्या मागची पिन दिसायला सारखीच असते. आतला ट्यूनर मात्र वेगळा. छत्रीचा बॉक्स केबलवर चालत नाही, केबलचा छत्रीवर चालत नाही.

कुठलाही बॉक्स कुठेही चालावा अशी शिफारस ट्रायने, म्हणजे केबल-मोबाइलचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२० मध्ये केली होती. महात्मा गांधी रोडवर जाऊन मोबाइलसारखा बॉक्स निवडावा आणि मनाला येईल त्या केबलवर लावावा, असे दिवस मात्र अजून आलेले नाहीत.

३. केबल घ्यावी, डीटीएच घ्यावं, फ्री डिश घ्यावी, की सरळ इंटरनेटवरच बघावं?

घर कुठे आहे आणि घरात टीव्ही कोण बघतं, एवढं सांगितलंत तर उत्तर सोपं आहे.

जुन्या नाशकात, रविवार कारंजा, भद्रकाली, तिवंध्याच्या गल्ल्यांमध्ये वाडे एकमेकांना खेटून आहेत. तिथे छत्री लावायला जागा आणि मोकळं आकाश दोन्ही मिळणं अवघड, केबलची वायर मात्र कुठूनही जाते. सिडको, इंदिरानगर, सातपूरच्या वस्तीत केबलवाल्याचा माणूस दोन गल्ल्या सोडून राहतो आणि केबलची खरी ताकद तीच आहे. मखमलाबादच्या पुढे किंवा गिरणारेच्या बाजूला मळ्यात घर असेल तर केबल पोचली तरी शेवटच्या टोकाला पोचते, तिथे छत्री बरी.

छत्रीची अडचण पावसाची. डीटीएचच्या लहरी इतक्या आखूड असतात की ढग फुटल्यासारखा पाऊस झाला की त्या वाटेतच शोषल्या जातात आणि दहा-पंधरा मिनिटं पडदा जातो. त्र्यंबकच्या बाजूला हे जास्त अनुभवाल, कारण तिकडे पाऊसच जास्त. केबलला वरच्या पावसाने फरक पडत नाही. तिचा त्रास खालून असतो, तो प्रश्न १० मध्ये आहे.

फ्री डिशला महिन्याचा खर्च शून्य, बॉक्स आणि छत्रीचे एकदा पैसे दिले की संपलं. दूरदर्शन सह्याद्री त्यावर आहेच. पण तुमच्या घरातल्या मालिका ज्या पैशाच्या चॅनेलवर लागतात ते तिथे नाहीत. छत्री लावणाऱ्यांसाठी सांगतो: फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे नाशिकमधून छत्रीचं तोंड जवळजवळ नेमकं आग्नेयेला येतं आणि बरंच वर. आग्नेयेला झाड वा टोलेजंग इमारत असेल तर आधीच विचार करा.

नुसतं इंटरनेट हे तरुण जोडप्यांना पुरतं. आई-वडिलांना मात्र रिमोटचा एक आकडा दाबला की मालिका लागायला हवी असते. त्यांना अ‍ॅप उघड, पासवर्ड टाक, जाहिरात वगळ हे शिकवून पाहा आणि मग मला सांगा.

४. केबलवाला दोन-तीन प्रकारचे बॉक्स दाखवतो. त्यात काय बघून निवडायचं?

खरं सांगायचं तर तुम्ही बॉक्स निवडत नसता, केबलवाला निवडत असता. एका गल्लीत बहुधा एक-दोनच केबलवाले पोचलेले असतात. तर आधी शेजारी विचारा: फोन उचलतो का? रविवारी येतो का? दोघांकडचे बॉक्स सारखेच असले आणि एकाचा पोरगा संध्याकाळी सातला तक्रार घ्यायला येत असेल तर त्याच्याकडे जा.

आता बॉक्सचं. टीव्ही एचडी असेल तर बॉक्सही एचडीच घ्या, जरी आज साधेच चॅनेल बघणार असाल. एचडी बॉक्समध्ये साधे चॅनेल दिसतात, साध्या बॉक्समध्ये एचडी कधीच दिसत नाही, आणि दोन वर्षांनी बॉक्स बदलायचा खर्च वेगळा. बॉक्स एमपेग-४ आहे ना, एवढं विचारून घ्या. फार जुन्या एमपेग-२ बॉक्सला नव्या पद्धतीने दाबलेले चॅनेल उघडता येत नाहीत, तिथे आवाजही नाही आणि चित्रही नाही.

मागच्या बाजूला एचडीएमआयचं छिद्र आहे का ते पाहा आणि वायर सोबत मिळते का ते विचारा. एचडी बॉक्स लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीने जोडून "एचडीत काही फरक दिसत नाही" म्हणणारे मला आठवड्याला भेटतात. त्या पिवळ्या पिनमधून एचडी जातच नाही.

पुढच्या बाजूला आकडा दिसणारी पट्टी असेल तर म्हाताऱ्या माणसांना बरं पडतं. निदान चालू-बंदचं बटण तरी बॉक्सवर असावं. काही बॉक्सवर एकही बटण नसतं आणि रिमोट बिघडला की सगळंच अडतं. बॉक्स हातात घेऊन वरची जाळी पाहा, गरम हवा निघायला जागा हवी. अ‍ॅडॉप्टर सुटा असेल तर उत्तमच: बॉक्समध्ये सगळ्यांत आधी तोच जातो आणि सुटा असला की फक्त तेवढाच बदलता येतो. बदलताना त्यावरचे व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, अ‍ॅम्पियर तेवढे किंवा जास्त चालतात.

अ‍ॅन्ड्रॉइड बॉक्स म्हणजे केबल आणि इंटरनेट एकत्र. टीव्ही आधीच स्मार्ट असेल तर त्यावर जादा पैसे घालू नका.

५. आमचा जुना पेटारा टीव्ही आहे. एचडी बॉक्स चालेल का?

पिवळ्या पिनचं छिद्र बॉक्सवर असेल तर चालेल, चित्र साधंच दिसेल. माणसं लांबट किंवा चपटी दिसली तर सेटिंगमध्ये जाऊन १६:९ चं ४:३ करा. टीव्ही वर्षभरात बदलणार नसाल तर साधा बॉक्सही पुरे.

६. बॉक्सचे पैसे दिले, म्हणजे तो माझाच ना?

कशाचे दिलेत त्यावर आहे. बॉक्स तीन तऱ्हांनी मिळतो: सरळ विकत, भाड्याने किंवा हप्त्याने. विकत घेतला तर तुमचा. भाड्याचा असेल तर तो परत करायचा आणि अनामत मागून घ्यायची. घोळ असा होतो, की पावती कोणी देत नाही आणि कोणी मागतही नाही. मग चार वर्षांनी केबल बंद करताना केबलवाला म्हणतो बॉक्स आमचा, तुम्ही म्हणता आम्ही पैसे मोजले.

पावतीवर बॉक्सचा नंबर, विकत की भाड्याने आणि वॉरंटी किती, या तीन गोष्टी लिहून घ्या. निदान व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज तरी मागा. आणि हो, बॉक्स तुमचा असला तरी तो दुसऱ्या कंपनीच्या केबलवर लागत नाही (प्रश्न २). मालकी तुमची, उपयोग त्यांच्याच लाइनवर.

७. बिलात नेमकं काय काय लावतात? शेजारी कमी भरतो आणि मी जास्त, असं कसं?

१ फेब्रुवारी २०१९ पासून आपण लाइनचे पैसे वेगळे आणि चॅनेलचे वेगळे देतो. लाइनच्या पैशांना बिलावर 'एनसीएफ' लिहितात. सुरुवातीला ते १०० चॅनेलांसाठी जास्तीत जास्त १३० रुपये होते. २०२० पासून तेवढ्याच पैशांत २०० चॅनेल द्यायला लावले. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १३० चे झाले १५३ रुपये ४० पैसे. बऱ्याच लोकांच्या डोक्यात अजून हाच आकडा बसलेला आहे. पण जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही कमाल मर्यादा काढली. आता एनसीएफ किती लावायचं ते कंपनी ठरवते, फक्त तिने ते जाहीर करायला हवं. बॉक्स बसवणं, सुरू करणं, घरी येणं यांच्या पैशांचंही तसंच.

चॅनेलची किंमत मात्र ज्याचा चॅनेल तो ठरवतो आणि केबलवाल्याला त्यापेक्षा जास्त घेता येत नाही. बॉक्सच्या गाइडमध्ये चॅनेलच्या नावाशेजारी किंमत दिसते, ती करासकट की कराशिवाय ते बघून हिशेब करा.

शेजारी कमी भरतो कारण त्याचा पॅक वेगळा. केबलवाल्याने वहीतल्या आकड्यावर पैसे घेतले तरी कंपनीच्या अ‍ॅपवर तुमचा व्हीसी नंबर टाकून पॅक आणि रक्कम बघता येते. एकदा बघाच. पूर्वी कधी क्रिकेटसाठी घेतलेला पॅक दोन वर्षं चालू राहिलेला मी पाहिला आहे.

८. मग पैसे वाचवायचे कसे?

घरातल्या सगळ्यांना आठवडाभर काय बघितलं ते विचारा. यादी दहा-पंधरा चॅनेलांच्या वर जात नाही. मराठी मालिका, मराठी बातम्या, एक सिनेमाचा, एक कार्टूनचा, खेळाचा हवा असला तर तो. मग तेच चॅनेल सुटे घेऊन किती होतात आणि पॅकमध्ये किती, हे दोन्ही मांडून बघा. एकाच कंपनीचे तीन-चार चॅनेल हवे असतील तर पॅक स्वस्त पडतो. एकच हवा असेल तर सुटा. १९ रुपयांपेक्षा महाग चॅनेल पॅकमध्ये घालायला बंदी आहे, म्हणून एखादा आवडता चॅनेल पॅकमध्ये सापडत नसेल तर तो वेगळा मागावा लागतो.

सगळ्यांत जास्त पैसे जातात ते एकच चॅनेल साधा आणि एचडी असा दोनदा चालू असतो तिथे. दोन्हींच्या किमती वेगळ्या लागतात. एक बंद करा.

दूरदर्शनचे चॅनेल कुठल्याही पॅकमध्ये द्यावेच लागतात. ते "एक्स्ट्रा" म्हणून कोणी विकत असेल तर हसा.

९. चित्र तुटतं, चौकोन चौकोन येतात, आवाज कटकट करतो. बॉक्स बदलू का?

थांबा. आधी वायर.

जुन्या केबलमध्ये सिग्नल कमी झाला की मुंग्या वाढत जायच्या, म्हणजे आजाराची चाहूल लागायची. डिजिटलमध्ये चित्र शेवटपर्यंत लख्ख असतं आणि सिग्नल एका पातळीखाली गेला की एकदम चिंध्या होतात. म्हणून "कालपर्यंत छान होतं" याला अर्थ नाही. काल तुम्ही कड्याच्या टोकावर होतात, आज पाय घसरला.

कोणते चॅनेल तुटतात ते आधी लिहून काढा. केबलमध्ये एकाच फ्रिक्वेन्सीवर डझनभर किंवा जास्त चॅनेल एकत्र बांधलेले असतात. त्यामुळे एकमेकांशी काही संबंध नसलेले दहा-बारा चॅनेल एकदम तुटतात आणि बाकीचे नीट चालतात. तसं असेल तर बॉक्स शंभर टक्के ठीक आहे, लाइनमध्ये ती एक फ्रिक्वेन्सी कमी पडते आहे. सगळेच तुटत असतील तर तुमच्या घरापर्यंतचा जोड किंवा वायर. एकच तुटत असेल तर गडबड वर कंट्रोल रूममध्ये, शेजाऱ्याकडेही तसंच दिसत असेल.

मग हाताने करायच्या गोष्टी. बॉक्सच्या मागची पिन काढा आणि बघा. मधली तांब्याची तार पिनच्या बाहेर थोडी डोकावायला हवी, काळी वा हिरवी पडली असेल तर टोक कापून नवी पिन लावावी लागते. वायरीच्या जाळीचा एखादा केस मधल्या तारेला चिकटलेला असला तरी सिग्नल मरतो. पुढे वायर धरून चालत जा. वाटेत छोटी धातूची डबी दिसेल, तो स्प्लिटर. दोन तोंडांच्या स्प्लिटरमध्ये सिग्नलची ताकद निम्मी होते, चार तोंडांच्यात पाव. खोली बंद झाली, टीव्ही विकला, तरी स्प्लिटर तसाच राहतो आणि सिग्नल फुकट वाटत बसतो. तो काढून सरळ जोड द्या.

बॉक्सच्या मेनूत सिग्नलची माहिती असते, ताकद आणि गुणवत्ता. ताकद भरपूर आणि गुणवत्ता कमी, तर जोड खराब. दोन्ही कमी, तर वरून सिग्नलच कमी येतोय.

एवढं करूनही कळत नसेल तर शेवटची परीक्षा: तुमचा बॉक्स उचला आणि त्याच केबलच्या शेजाऱ्याकडे लावा. तिथे नीट चालला तर नव्या बॉक्सचे पैसे वाचले.

एक उलटा प्रकारही आहे. सिग्नल कमी म्हणून कोणी तरी घरात अ‍ॅम्प्लिफायर लावतं आणि चित्र आणखी तुटतं. सिग्नल गरजेपेक्षा जास्त झाला तरी बॉक्सला तो पचत नाही. खराब जोडापुढे अ‍ॅम्प्लिफायर लावणं म्हणजे मळकं पाणी मोठ्या नळाने भरणं.

सिडकोत एका घरी रोज दुपारी दोन ते चार चित्र तुटायचं. तीन वेळा बॉक्स बदलला होता. शेवटी पत्र्यावरचा जोड सापडला: ऊन चढलं की पत्रा तापायचा, जोड ढिला व्हायचा आणि संध्याकाळी आपोआप बसायचा.

१०. पहिल्या पावसात दरवर्षी केबल जाते. डीटीएचचं ठीक, केबलला पाऊस कसा लागतो?

जोडातून पाणी आत जातं आणि वायरीच्या जाळीतून वातीसारखं पुढे सरकत राहतं. वरून वायर कोरडी दिसते, आत तांबं हिरवं पडलेलं असतं. खिडकीतून आत येणारी वायर सरळ आत घेऊ नका. बाहेर खाली झोळ सोडा आणि मग वर वळवून आत घ्या, म्हणजे पाणी झोळावरून ठिबकतं, बॉक्सपर्यंत येत नाही. बाहेरचा जोड नुसत्या काळ्या टेपने गुंडाळलेला असेल तर उन्हाळ्यात ती टेप सुकते, जूनच्या आधी बदलून घ्या.

मे महिन्यातल्या वळवाचं वेगळं. विजा चमकायला लागल्या की प्लग काढाच आणि केबलची पिनसुद्धा काढा. नुसता प्लग काढून वीज थांबत नाही, ती वायरीतूनही येते आणि बॉक्ससोबत टीव्हीचं एचडीएमआय घेऊन जाते. वळवानंतरच्या सोमवारी माझ्या दुकानात जागा नसते.

आणि जानेवारीत कारण पाऊस नसतो, पतंग असतो. संक्रांतीच्या आठवड्यात गच्चीवरच्या वायरीत मांजा अडकतो, पोरं ओढतात, जोड निसटतात.

११. रिचार्ज केला, पैसे गेले, तरी पडद्यावर 'सबस्क्राइब करा' येतं.

बॉक्स चालू ठेवून, केबलची वायर लावलेली असताना, तो चॅनेल लावून अर्धा तास थांबा. रिचार्जची परवानगी कंट्रोल रूममधून त्याच वायरीतून येते आणि ती येते तेव्हा बॉक्स जागा हवा. लोक वैतागून बॉक्स बंद-चालू करत बसतात आणि नेमकी तेव्हाच ती निसटते. नाहीच आलं तर केबलवाल्याला व्हीसी नंबर देऊन "रिफ्रेश मारा" म्हणा. घरात दोन बॉक्स असतील तर रिचार्ज दुसऱ्याच नंबरावर गेला नाही ना, तेही बघा. फार वेळा तेच निघतं.

१२. महिनाभर गावाला होतो. आल्यावर सगळेच चॅनेल बंद, पैसे तर भरलेले आहेत.

बॉक्स महिनाभर झोपलेला होता, परवानग्या येऊन गेल्या. प्रश्न ११ प्रमाणे करा. पुढच्या वेळी जास्त दिवस जाणार असाल तर आधीच केबल तात्पुरती बंद करायला लेखी कळवा, त्याची सोय नियमांत आहे. परत सुरू करायला काही पैसे लागतात का ते तेव्हाच विचारून घ्या.

१३. एकाच बॉक्सवर दोन टीव्ही चालतील का?

चालतील, पण दोन्हींवर एकच चॅनेल. एचडीएमआयने एक आणि पिवळ्या पिनने दुसरा असं काही जण करतात. हॉलमध्ये सून बातम्या लावते आणि आत सासूबाईंची मालिका जाते. पुढचं मला सांगायला लावू नका. वेगवेगळे चॅनेल हवेत तर दुसरा बॉक्स घ्यावाच लागतो. दुसऱ्या टीव्हीचं एनसीएफ कमी घेतात की पूर्ण, ते कंपनीवर आहे (प्रश्न ७). विचारल्याशिवाय कोणी कमी करत नाही. दुसऱ्या बॉक्सवर पूर्ण पॅक घ्यायची सक्ती नसते, तिथे मोजके चॅनेल ठेवा.

१४. लाइट गेली. टीव्ही आणि बॉक्स इन्व्हर्टरवर आहेत, तरी 'नो सिग्नल'. का?

कारण तुमच्या जिन्यात किंवा खांबावर केबलवाल्याचा अ‍ॅम्प्लिफायर किंवा नोड (फायबरचा सिग्नल वायरीत उतरवणारी पेटी) आहे आणि तो इन्व्हर्टरवर नाही. तिथली लाइट गेली की पुढची सगळी लाइन मेली. उलटंही होतं: तुमच्याकडे लाइट आहे आणि पलीकडच्या गल्लीतली गेली, तरी तुमची केबल जाते. सोसायटीत अ‍ॅम्प्लिफायर असेल तर तो जिन्याच्या इन्व्हर्टरला जोडता येतो. फार वीज खात नाही, चेअरमनला पटवायलाच वेळ लागतो.

आता बऱ्याच इमारतींत फायबर आलं आहे. इंटरनेट आणि टीव्ही एकाच फायबरने येतात आणि घरातल्या छोट्या पांढऱ्या डबीतून केबलची वायर बॉक्सकडे निघते. रात्री वायफाय नको म्हणून ती डबी बंद केली की टीव्हीही जातो. मग सकाळी मला मेसेज येतो.

१५. कार्टून अचानक तामिळमध्ये बोलायला लागलं.

रिमोटवर 'ऑडिओ' किंवा 'लँग' लिहिलेलं बटण दाबा, भाषा बदलेल. पोराचा हात लागला असेल.

१६. रिमोट चालत नाही. बॉक्सचा दोष?

मोबाइलचा कॅमेरा सुरू करा, रिमोटचं तोंड त्याच्याकडे करून बटण दाबा. पडद्यावर जांभळट ठिपका चमकला तर रिमोट ठीक. एका कॅमेऱ्यात दिसलं नाही तर सेल्फीच्या कॅमेऱ्यात बघा. चमकत नसेल तर आधी सेल बदला. नवा रिमोट घेताना जुना सोबत घेऊन या, "तोच काळा, लाल बटणाचा" असं सांगून मिळत नाही.

१७. बॉक्स रात्री बंद करावा की चालू राहू द्यावा?

रिमोटने बंद केला तरी तो आतून जागाच असतो. आठ वॅट धरले तर चोवीस तास चालू राहून महिन्याला पावणेसहा युनिट होतात. रात्री बटणाने बंद केला तर चालतं, पण रिचार्जच्या दिवशी करू नका (प्रश्न ११). बॉक्सवर टॉवेल, देवाचा फोटो किंवा दुसरा बॉक्स ठेवू नका. उष्णतेने मरतो.

१८. पेनड्राइव्हवर मालिका रेकॉर्ड केली. लॅपटॉपवर उघडत नाही.

उघडणारही नाही. रेकॉर्डिंगलाही कुलूप असतं आणि ते ज्या बॉक्सवर केलं त्याच बॉक्सवर चालतं. बॉक्स बदलला की ते रेकॉर्डिंग गेलंच समजा. नातीच्या नाचाचा कार्यक्रम सह्याद्रीवर लागणार असेल तर मोबाइलने पडद्याचं चित्रण करून ठेवा, दिसायला बरं नसेल पण राहील.

१९. सातपूरहून पाथर्डी फाट्याला राहायला जातोय. बॉक्स सोबत नेऊ का? आणि पुण्याला बदली झाली तर?

शहरातल्या शहरात जात असाल तर नव्या गल्लीत कोणत्या कंपनीची लाइन आहे ते आधी विचारा. तीच असेल तर बॉक्स न्या, जुन्या केबलवाल्याला सांगून नंबर नव्याकडे वळवून घ्या. तो वळवायला जुन्याचा होकार लागतो, म्हणून त्याची बाकी चुकती करूनच सामान हलवा.

पुण्याला किंवा इतर कुठे बदली असेल, देवळालीतले लष्करातले लोक किंवा बँकवाले मला नेहमी हे विचारतात, तर बॉक्स न्यायच्या भानगडीत पडू नका. कंपनी तीच असली तरी तिथल्या कंट्रोल रूमचं कुलूप तेच असेल याचा नेम नाही. भाड्याचा असेल तर परत करून पावती घ्या, विकत घेतलेला असेल तर केबलवाला काही देतो का विचारा. सारखी बदली होणाऱ्यांना मी छत्रीच सुचवतो, ती कुठेही लागते.

२०. केबलवाला आठवडाभर येतच नाही. तक्रार कुठे करायची?

त्याला दहा फोन करून उपयोग नाही, कंपनीच्या टोल-फ्री नंबरावर करा. बिलावर, अ‍ॅपवर किंवा बॉक्सच्या मेनूत तो असतो. तक्रार नोंदवून नंबर मागा आणि तो लिहून ठेवा. नंबर नसेल तर पुढे कोणी ऐकत नाही. त्यानेही झालं नाही तर कंपनीचा नोडल अधिकारी. पुष्कळ लोक सरळ ट्रायला लिहितात, पण ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, ती कंपनीकडे पाठवते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथे मराठीत बोलता येतं. पैशांचा वाद मोठा असेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. तिथे प्रश्न ६ मधली पावती पहिल्यांदा मागतील.

२१. भाड्याच्या घरात राहतो. बॉक्स आधीच्या भाडेकरूच्या नावावर आहे आणि चालूही आहे. तसाच वापरू?

काही दिवस चालेल, पण आधीच्या माणसाने फोन करून बंद करायला सांगितलं की तुमचा टीव्ही ऐन मॅचमध्ये जाईल. मालकाला विचारा बॉक्स कोणाचा: भाडेकरूचा, मालकाचा की कंपनीचा. मालकाचा असेल तर नाव तुमचं आणि मोबाइल नंबर तुमचा करून घ्या, कारण ओटीपी त्याच नंबरावर जातो. भाडेकरूचा असेल तर त्याला कळवून परत द्या आणि आपला वेगळा घ्या. परवाच एक मुलगा आला होता, आधीच्या भाडेकरूला ओटीपी विचारायला दर महिन्याला नंदुरबारला फोन लावायचा. आता ते दोघं चांगले मित्र आहेत, पण बॉक्स अजून त्याच्याच नावावर आहे.